पातेलं एक, ताटं पाच

आमच्या घरी रात्री पाच ताटं मांडली जातात आणि पाचही जणांचं पथ्य वेगळं असतं. सासऱ्यांचा रक्तदाब वाढलेला, त्यामुळे मीठ कमी. सासूबाईंना मधुमेह, शिवाय महिन्याच्या दोन्ही एकादश्या आणि चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं बंद. नवऱ्याला दूध पचत नाही. माझं हिमोग्लोबिन वर्षानुवर्षं कमी. आणि नऊ वर्षांच्या मुलीला सिलिअ‍ॅक आहे, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की तिच्या लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते.

तिचं निदान झालं त्या वर्षी मी रोज तीन-तीन स्वयंपाक करत होते. दीड महिना पुरणारा गॅस महिन्यावर आला. मुलीसाठी खास बिस्किटं, सासूबाईंसाठी ‘मधुमेहींचं’ पीठ, अशी पाकिटं घरात येऊ लागली आणि किराण्याचं बिल वाढत गेलं. त्याहून जास्त लागलं ते मुलीचं गप्प बसणं. तिच्या ताटात ‘वेगळं’ असायचं, आजी-आजोबांच्या ताटात ‘पथ्याचं’ आणि आम्हा दोघांच्या ‘नेहमीचं’. एका छपराखाली तीन खानावळी चालल्यासारखं झालं होतं.

त्यातून बाहेर पडायला वर्ष गेलं. त्या वर्षात कळलेली मुख्य गोष्ट अशी की, स्वयंपाक एकच करता येतो, फक्त त्यातला वेगळेपणा शेवटच्या पायरीपर्यंत लांबवायचा. आपलं ताट मुळात त्यासाठीच केल्यासारखं आहे. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे, आणि ज्यानं त्यानं आपल्या अंदाजानं कालवून घ्यायचं.

सुरुवात कागदापासून करा. घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहा आणि त्याला काय चालत नाही ते तीन रकान्यांत मांडा. पहिल्या रकान्यात एक कणही चालत नाही असं सगळं : सिलिअ‍ॅकवाल्याचा गहू, अ‍ॅलर्जी असलेल्याचा शेंगदाणा. दुसऱ्यात माप सांभाळून चालणारं : मीठ, साखर, भात, तेल. तिसऱ्यात नेम आणि आवडीनिवडी : एकादशी, चातुर्मास, गुरुवारचं सामिष बंद. या तिन्हींना घरं एकाच तराजूत घालतात आणि तिथेच घोटाळा होतो. पहिला रकाना ओट्यावर सांभाळावा लागतो, दुसरा वाढताना, तिसरा कॅलेंडर बघून. पहिल्या रकान्यातली वस्तू शक्य असेल तर स्वयंपाकघराबाहेरच काढावी. दुसऱ्यासाठी तेवढी उठाठेव लागत नाही, वाटी आणि चमचा पुरतो.

पहिल्या रकान्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तिथे चूक झाली की भोगावं मुलांना लागतं. गहू बंद केला, ज्वारीची भाकरी सुरू केली, तरी मुलीचं पोट दुखायचं थांबेना. वजन वाढेना. डॉक्टर विचारायचे, गहू कुठून जातोय? मी शपथेवर सांगायचे, जात नाही. तो जात होता गिरणीतून. ज्वारी मी निवडून, स्वच्छ करून द्यायची, पण माझ्या आधी कोणाचा तरी गहू दळलेला असायचा आणि जात्यात राहिलेलं ते पीठ आमच्या दळणात उतरायचं. दुसरी वाट हिंगाची. डबीतला बांधणीचा हिंग शुद्ध नसतो, त्यात खाण्याचा डिंक आणि पुष्कळदा मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. रोजच्या आमटीत चिमूट चिमूट गहू जात होता. आता तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग लेबल वाचून आणते. दळणासाठी मन घट्ट करून घरगुती चक्की घेतली. ज्यांना ते शक्य नसेल त्यांनी गिरणीवाल्याशी बोलून पाहावं. आठवड्यातल्या एका दिवशी सकाळी, जातं पुसून-झाडून, आधी थोडे तांदूळ घालून ते पीठ वेगळं काढून मग आपलं दळण, अशी सोय काही जण करून देतात. पण त्यानं धोका कमी होतो, जात नाही. गव्हाला हातच न लावणारी गिरणी मिळाली तर ती दूर असली तरी धरावी.

गहू आणखी कुठे दडलेला असतो? मेतकुटात. थालीपिठाच्या भाजणीत. सातूच्या पिठात, कारण कोणाकडे सातू म्हणजे जव आणि कोणाकडे गहू नि डाळ्याचं मिश्रण, आणि दोन्ही सिलिअ‍ॅकला वर्ज्य. रवा, शेवया, दलिया, पाव, खारी, टोस्ट तर उघडच आहेत. भाजणी आणि मेतकूट मी गहू वगळून घरी करते. भाजणीत ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, धणे, जिरे एवढं पुरतं, चवीत कोणाला फरक कळत नाही. आणि एक काकुळतीनं सांगणं : मुलाला गहू सोसत नसावा अशी शंका आली तर आपल्या मनानं गहू बंद करू नका. रक्ततपासणी गहू खाण्यात असतानाच करायची असते. बंद केल्यावर ती खोटा दिलासा देऊ शकते.

आमच्या घरात कणीक मळणं आता बंद आहे. कोरडं पीठ उडतं, परातीला, लाटण्याला चिकटतं. एका लेकरासाठी पाच जणांची पोळी सुटली याचं सासऱ्यांना सुरुवातीला वाईट वाटलं, पण ते जन्मानं सोलापूरकडचे, भाकरीवरच वाढलेले. “अगं, पोळी आमच्याकडे सणालाच व्हायची,” असं म्हणाले आणि विषय मिटला. ज्वारी गव्हापेक्षा महाग पडते हे खरं आहे. म्हणून ती महिन्याच्या किराण्यात किलोकिलोनं न घेता रब्बीची काढणी झाल्यावर, फेब्रुवारी-मार्च उलटला की वर्षाची भरून ठेवते. मालदांडी मिळाली तर उत्तम. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे आणि तिची भाकरी खरोखर गोड लागते. पीठ मात्र आठ-दहा दिवसांपुरतंच दळावं. जुनं झालं की विरी जाते आणि भाकरी थापताना कडेनं फाटते. तसं झालंच तर कढत पाण्यात उकड काढून मळावं. मुलीच्या शाळेच्या डब्यात भाकरी दुपारपर्यंत कडक होते, म्हणून डब्याला धिरडी, घावन, आंबोळी किंवा तांदळाच्या पिठाची उकड. पीठ सगळं घरातलंच, पाकीट एकही नाही.

आता मधुमेहाबद्दल. भाकरी म्हणजे औषध आणि पोळी म्हणजे साखर, ही समजूत काढून टाकावी. १०० ग्रॅम गव्हाच्या पिठात आणि १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात पिष्टमय पदार्थ जवळजवळ सारखेच असतात, साधारण ६५ ते ७० ग्रॅम. एक जाडजूड भाकरी म्हणजे दोन फुलके. सासूबाईंची साखर उतरत नव्हती कारण त्या निर्धास्तपणे दोन भाकरी खात होत्या. एके दिवशी आम्ही पिठाचा गोळाच वजन करून पाहिला आणि त्यांनीच कपाळाला हात लावला. आता त्यांची भाकरी वेगळ्या मापाची, पातळ थापलेली. आणि जेवणाचा क्रम बदलला : आधी कोशिंबीर आणि भाजी, मग उसळ-आमटी, भाकरी शेवटी. नुसत्या क्रमानंही जेवणानंतरची साखर कमी चढते. नाचणीचंही तेच. नाचणी चांगलीच, १०० ग्रॅममध्ये ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, दूध न पिणाऱ्या माझ्या नवऱ्याला ती फार उपयोगाची. पण गाळलेली पातळ पेज आणि भाकरी यांत फरक आहे. पेज रक्तातली साखर पटकन वर नेते. एकाच पिठाची नवऱ्याला आंबील आणि सासूबाईंना छोटी भाकरी, असं जमतं.

वेगळेपणा शेवटच्या पायरीपर्यंत लांबवायचा म्हणजे काय, ते आमटीवरून सांगते. पाच जणांसाठी दीड वाटी तूरडाळ हळद नि थेंबभर तेल घालून कुकरला लावायची, मीठ घालायचं नाही. शिजली की घोटायची. तेल तापवून मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता, त्यात डाळ, आमसूल आणि गोडा मसाला. उकळी आली की मीठ, पण सासऱ्यांना झेपेल एवढंच, आम्ही पाच जणांत पाऊण चमचा घालतो. इथे सासूबाईंची वाटी काढून घ्यायची, कारण पुढे गूळ पडणार आहे. मग गुळाचा खडा. सगळ्यात शेवटी लोखंडी कढल्यात चमचाभर तेलात लसूण आणि लाल मिरची परतून ती फोडणी आम्हा दोघांच्या वाट्यांवर. चातुर्मास असो नसो, पद्धत तीच. वेळ पाच मिनिटांनी वाढतो, पातेलं एकच लागतं. घातलेलं काढता येत नाही, म्हणून आधी वाटी काढायची आणि मग घालायचं, एवढं ध्यानात ठेवलं की पिठलं, रस्सा, उसळ, कढी, सगळ्याला हीच रीत लागू पडते. रविवारी कांदा-खोबऱ्याचं वाटण भाजून रस्सा करते. अर्ध्यात मोडाची मटकी, अर्ध्यात उकडलेली अंडी.

मिठाचं मोजमाप ताटात करणं अवघड जातं, ते पुड्यावर करा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट चमचाभर. पाच माणसांचे २५ ग्रॅम झाले, तर एक किलोचा पुडा किमान ४० दिवस पुरायला हवा. पुड्यावर उघडल्याची तारीख लिहा. आमचा पहिला पुडा २४ दिवसांत संपला होता, आणि त्यात पापड, लोणचं, फरसाण यांतलं मीठ धरलेलंच नव्हतं! मीठ एकदम अर्धं करू नका, दर आठवड्याला थोडं थोडं कमी करा. महिन्याभरात जीभ वळते. आंबटपणा आणि भाजलेला वास मिठाची उणीव भरून काढतात : आमसूल, लिंबू, भाजलेल्या जिऱ्याची पूड, भाजलेले तीळ, भरपूर कोथिंबीर. पापडात मिठाशिवाय पापडखार असतो, म्हणजे सोडियम दोन्हीकडून. सासऱ्यांना खिचडीबरोबर काहीतरी कुरकुरीत हवंच असतं, त्यांना मी ज्वारीच्या लाह्या थेंबभर तेल नि हळद लावून परतून देते. मुलगीही त्याच वाडग्यात हात घालते.

सैंधवाला बिनधोक समजू नका, तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असतं. आणि दुकानात मिळणारं ‘कमी सोडियमचं’ मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम घातलेलं असतं. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा रक्तदाबाची काही विशिष्ट औषधं चालू असतील तर ते पोटॅशियम रक्तात साठून हृदयाला धोका होतो.

मूत्रपिंडाचा विषय निघालाच आहे तर माहेरचं सांगते. माझ्या आईचं मूत्रपिंडाचं दुखणं. तिला आहारतज्ज्ञांनी भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्यायला सांगितलं आहे, पोटॅशियम उतरावं म्हणून. डाळीचंही माप ठरवून दिलं आहे. माझ्या घरी मी भाजीचं पाणी एक थेंबही फेकत नाही, आमटीत वापरते, आणि डाळ वाढवत असते. दोन्ही बरोबर. शेजारणीच्या पथ्याचा कागद उचलून आपल्या भिंतीवर लावण्यात हीच भीती असते. मधुमेह आणि मूत्रपिंडाचा आजार एकाच माणसाला असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि आहारतज्ज्ञांकडून मापं लिहून घ्या.

पैशाचं म्हणाल तर, खास पाकिटं बंद केल्यावर जेवढे वाचले तेवढे दुसऱ्या कशानं वाचले नाहीत. पथ्याच्या नावानं विकलं जाणारं पुष्कळसं आपल्या डब्यांत वेगळ्या नावानं असतंच. ग्लुटेन नसलेलं धान्य म्हणजे ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, वरी, राजगिरा, शिंगाडा. महागड्या प्रथिनांच्या भुकटीऐवजी मूग, मटकी, चवळी, कुळीथ. १०० ग्रॅम कोरड्या मुगात २४ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, आणि मोड आणले की वाटीभर मुगाचा मोठा वाडगा होतो. मी शनिवारी रात्री दोन कडधान्यं भिजत घालते, रविवारी फडक्यात बांधते, सोमवार ते बुधवारची सोय होते. भाजी मंडईत सकाळऐवजी संध्याकाळी जाते, आणि जी भाजी ढिगानं दिसते ती घेते. मोसमात तीच स्वस्त असते. पालेभाजीच्या दिवशी तिच्यात मूगडाळ पेरून जुडी पाच जणांना पुरवते.

माझ्या स्वतःच्या रक्ताचं मी सगळ्यात शेवटी पाहिलं, बहुतेक घरांत बाई तसंच करते. तसं करू नका. गोळ्या नियमित घ्याव्या लागल्याच, नुसत्या पालेभाजीनं इतकी कमतरता भरून येत नाही. पण जेवणात दोन बदल फुकटात होतात. जेवणाच्या आगेमागे तासभर चहा नाही, कारण चहातली द्रव्यं लोह शोषू देत नाहीत. आणि प्रत्येक उसळीवर, पालेभाजीवर लिंबू, किंवा जेवणात पेरू, आवळा असं क जीवनसत्त्व. भाजी लोखंडी कढईत केली तर थोडं लोह तिच्यातूनही उतरतं, मात्र आंबट भाजी शिजल्यावर तिच्यात ठेवू नये, काळी पडते. हे सगळं पाचही जणांना चालतं, त्यामुळे माझ्यासाठी वेगळं काही करावंच लागलं नाही.

नवऱ्याचं दुखणं त्या मानानं सोपं. दुधातली साखर त्याला पचत नाही, पण दही-ताकात ती विरजणामुळे कमी झालेली असते, म्हणून ताक, कढी त्याला चालते. चहा कोरा. इथे एक फरक लक्षात घ्या : लहान मुलाला दुधाची अ‍ॅलर्जी असेल तर दहीही चालत नाही, तो पहिल्या रकान्यातला प्रकार झाला. तसंच शेंगदाण्याचं. सुटीत भाचा येतो, त्याला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, आणि आपल्या कोशिंबिरीपासून भरल्या वांग्यापर्यंत सगळीकडे दाण्याचं कूट. तो येण्याआधी मी मिक्सरचं भांडं, कुटाचा डबा, चमचे घासून कूट फडताळात वर ठेवते आणि घाण्याचं शेंगदाणा तेलही बाजूला करते. त्या आठवड्यात कोशिंबिरीत ओलं खोबरं, भाजीत जवसाचं कूट. ही दोन्ही त्याला चालतात हे त्याच्या आईला विचारून घेतलेलं आहे. तुमच्या पाहुण्याचं तुम्ही विचारा.

एकादशीचं मात्र मला आधी भय वाटायचं. मधुमेह आणि उपास एकत्र म्हणजे काळजीच. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, खिचडीची एक बशी सासूबाईंची साखर कुठच्या कुठे नेते. आणि काहीच न खाता मधुमेहाच्या गोळ्या घेतल्या तर साखर एकदम खाली घसरू शकते. पहिल्या एकादशीलाच त्यांना घाम फुटून चक्कर आली, तेव्हा साखर-पाणी दिलं. डॉक्टरांनी उपासाच्या दिवशीचा गोळ्यांचा हिशोब लिहून दिला, तो फ्रीजवर चिकटवला आहे. तुमच्याकडे असा उपास करणारं कोणी असेल तर हे आधी करा, पदार्थांचं नंतर पाहू.

पदार्थांचा विचार करायला बसले तेव्हा लक्षात आलं की, एकादशीला आमच्या घरात गहू नाही, कांदा-लसूण नाही, मैदा-रवा नाही. राजगिऱ्याच्या पिठात किसलेली काकडी, थोडा उकडलेला बटाटा, जिरं, मिरची, दाण्याचं कूट आणि बेताचं मीठ घालून थालीपिठं लावायची. पीठ घरच्या चक्कीवरचं, कारण बाजारच्या उपासाच्या पिठातही गिरणीतला गहू मिसळलेला असू शकतो. सासूबाईंना एक थालीपीठ, वाटीभर दही आणि काकडीची कोशिंबीर. सासऱ्यांना वरून मीठ नाही, लिंबू जास्त. नवऱ्याला दही चालतं. मला वर लिंबू आणि नंतर चहा नाही. आमच्यासाठी जोडीला भगर आणि दाण्याची आमटी. भगर सासूबाई दोनच घास घेतात. त्या दिवशी वाटी आधी काढून ठेवावी लागत नाही, दोन फोडण्या लागत नाहीत. मुलगी ताटावर बसते आणि “आई, यात काय आहे?” असं न विचारता पहिला घास घेते. गेल्या महिन्यात तिनं मंगळवारीच विचारलं, “आज एकादशी करूया का?” मी राजगिऱ्याचा डबा काढला.